‘वाचलं की लिहायला लागतं, मॅडम’

खानदेशातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या इच्छेनुसार गाळलं आहे. तिसरी-चौथीचा जोडवर्ग त्यांच्याकडे आहे, पट 31. बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. शाळेत दोनशेच्या आसपास गोष्टींची पुस्तकं आहेत. ती कपाटात कुलपात असतात आणि शनिवारी बाहेर निघतात. ‘वाचायला कोणाकोणाला आवडतं?’ असं विचारलं की 31 हात वर होतात, पण पुस्तकं मांडल्यावर पाच-सहा मुलीच खऱ्या वाचतात. बाकीची मुलं चित्रं बघत पानं उलटतात आणि दहा मिनिटांत ‘मॅडम, झालं’ म्हणतात. ताईंनी भिंतीवर तक्ता लावला, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक चांदणी. पहिल्या पंधरवड्यात झुंबड उडाली, मग मुलं सगळ्यात बारीक पुस्तक शोधू लागली. चौथीतल्या एका हुशार मुलाला ‘तू का वाचत नाहीस?’ असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘वाचलं की लिहायला लागतं, मॅडम.’ वरिष्ठांचा सल्ला असा, की आठवड्याला एक पुस्तक सक्तीचं करा आणि सारांशाच्या वह्या तपासा. ताईंचं मन म्हणतं, मोकळं सोडावं. त्या विचारतात: ‘सक्ती करू की मोकळं सोडू? आणि घरोघरी मोबाइल असताना या मुलांना वाचनाची आवड लागणं शक्य तरी आहे का?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं त्या चौथीतल्या मुलाचं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. वाचायला आवडत नाही, असं तो कुठेच म्हणालेला नाही. वाचल्यानंतर जे मागे लागतं ते त्याला नको आहे. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत आणि त्याने भीड न ठेवता सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं, कारण बाकीच्या हात वर करण्यातून तुम्हाला काहीच कळलेलं नव्हतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मॅडमना कोणतं उत्तर हवं आहे हे नेमकं ठाऊक असतं. ‘दात घासले का?’ आणि ‘वाचायला आवडतं का?’ हे दोन्ही प्रश्न त्याच्या कानाला सारखेच लागतात.

मी बावीस वर्षं एका वस्तीत मुलांचं वाचनालय चालवलं. एकदा मुलांना विचारलं, ‘वाचन म्हणजे काय?’ तिसरीतली एक मुलगी चटकन म्हणाली, ‘उभं राहायचं आणि अडखळायचं नाही.’ तिच्या त्या उत्तरात गोष्ट नव्हती, चित्र नव्हतं, पुस्तकसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून मी ‘या मुलांना वाचनाची आवड नाही’ असं म्हणणं सोडून दिलं. आधी विचारायचं, कोणतं वाचन? तुमच्या 31 मुलांच्या डोक्यात ‘वाचन’ या शब्दाचे निदान चार-पाच अर्थ असतील. ते कळेपर्यंत सक्तीही अंधारातली आणि मोकळीकही अंधारातलीच. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी तुम्हाला तीन आठवडे मागते आहे.

तुमच्यापुढचं कोडं जगभरातल्या शिक्षकांना पडलेलं आहे. 1990 साली अमेरिकेत मायकेल मॅकेना आणि डेनिस किअर या दोघांनी प्राथमिकच्या मुलांसाठी एक साधी प्रश्नावली तयार केली. वीस प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली गारफिल्ड या कार्टूनमधल्या मांजराची चार चित्रं: एकदम खूश, थोडं खूश, थोडं वैतागलेलं आणि भयंकर चिडलेलं. शिक्षकांनी प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि मुलाने आपल्याला जसं वाटतं त्या चित्राला गोल करायचा. यातल्या तीन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली म्हणजे, ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा उत्तर देऊ शकतो. दुसरी, चित्रं चारच, म्हणजे मधलं ‘ठीक आहे’ नाही. मुलाला कुठल्या तरी बाजूला झुकावंच लागतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. वीसपैकी दहा प्रश्न फुरसतीतल्या वाचनाचे आहेत आणि दहा शाळेतल्या वाचनाचे, आणि दोन्हींचे गुण वेगवेगळे मोजायचे. पावसाळी सुट्टीच्या दिवशी पुस्तक वाचताना कसं वाटतं, हा एक प्रश्न. वाचलेल्यावर बाईंनी प्रश्न विचारले की कसं वाटतं, हा दुसरा. एकाच मुलाची या दोन प्रश्नांना उलटसुलट उत्तरं येऊ शकतात. तुमचा तो मुलगा मला तरी तसाच वाटतो.

ही प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतर करून वापरू नका. तिच्यात पुस्तकांच्या दुकानात जाण्याबद्दल एक प्रश्न आहे. तुमच्या गावच्या मुलाने पाहिलेलं दुकान म्हणजे तालुक्याच्या स्टँडजवळचं, वह्या आणि गाइडं विकणारं. तिथे गोष्टीचं पुस्तक त्याने पाहिलंच नसेल तर त्याला काय वाटणार? तुमचे प्रश्न तुमच्या गावचे असू द्या. फुरसतीकडचे प्रश्न असे करता येतील: बाहेर धो धो पाऊस आहे आणि घरात गोष्टीचं पुस्तक आहे, खेळ रंगात आला आहे आणि कोणी हातात पुस्तक दिलं, वाढदिवसाला पुस्तक मिळालं, धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवायची आहे, कधीच न पाहिलेलं पुस्तक उघडलं. शाळेकडचे असे: उभं राहून धडा वाचायचा आहे, मॅडम वाचलेल्यावर प्रश्न विचारतात, वाचलेल्यावर लिहायचं आहे, वाचनाची चाचणी आहे, मॅडम स्वतः गोष्ट वाचून दाखवतात. प्रत्येकापुढे ‘तेव्हा तुला कसं वाटतं?’ एवढंच. हे अहिराणीत विचारा. ‘तुले कसं वाटस?’ म्हटल्यावर जे ओठांवर येतं ते ‘तुला काय वाटते?’ला येत नाही, हे माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं जाणता. मांजराऐवजी माकड काढा, बैल काढा. वर्गातल्या एखाद्या चित्र काढणाऱ्या मुलाकडून चार चेहरे काढून घ्या आणि तालुक्याला गेलात की झेरॉक्स करून आणा.

कागदावर नावं नकोत. मग कोणत्या मुलाला काय वाटतं ते कळणार कसं, असं तुम्ही विचाराल. प्रत्येकाला स्वतःचं एक गुपित चिन्ह काढायला सांगा: पतंग, भाकरी, विहीर, काहीही. पुढच्या सत्रात पुन्हा तीच प्रश्नावली द्याल तेव्हा त्याच चिन्हावरून बदल दिसेल. आणि एक कळकळीची विनंती. हे आकडे कुठल्याही अहवालात किंवा व्हॉट्सअॅप गटावर जाऊ देऊ नका. एकदा का ‘वाचनाविषयी सकारात्मक विद्यार्थी इतके टक्के’ असा रकाना तयार झाला, की पुढच्या वेळी सगळी माकडं हसरीच येतील.

या कागदांच्या जोडीला तीन शनिवार फक्त बघा. पुस्तकं मांडून ठेवा, स्वतः एका कोपऱ्यात बसा आणि वहीत टिपत जा. कोण कोणतं पुस्तक उचलतं, किती वेळात ठेवतं, कोण दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतं, कोण मित्राला वाचायला सांगून स्वतः नुसतं ऐकतं. ‘चित्रं बघून पानं उलटतात’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. मला ती तक्रार वाटत नाही. हे पुस्तक आपलं आहे का, हे मूल तसंच चाचपून बघतं. जत्रेत किंवा प्रदर्शनात आपण मोठी माणसंही पाच पुस्तकं चाळतो आणि एक घेतो. दहा मिनिटांत ज्याने सहा पुस्तकं चाळली त्याचं काय अडलं ते शोधायला हवं. कदाचित त्याला हवं ते पुस्तक तुमच्या दोनशेंत नसेलच. मुलांसाठी घेतलेल्या पुस्तकांत थोर पुरुषांची चरित्रं आणि बोधकथा यांचा भरणा किती असतो ते मी पाहिलं आहे. ट्रॅक्टर, साप, विहिरी, क्रिकेट, भुतं यांच्यावर किती आहेत ते एकदा मोजून बघा.

आता तुमच्या वर्गात कोणकोणती मुलं सापडतील, त्याबद्दल. सगळ्यांवर सारखा वेळ घालवू नका. त्या पाच-सहा वाचणाऱ्या मुलींना तूर्त तुमची गरज नाही. त्यांना फक्त पुस्तकं लागतील, भरपूर आणि थोडी जाडजूड. ज्यांना वाचता येतं पण वाचत नाहीत, त्यांच्याकडे पुढे येते. मला खरी काळजी ज्यांना अजून सरळ वाचताच येत नाही त्यांची आहे. 31 जणांत अशी किती मुलं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण काही असणारच.

याच मॅकेना आणि किअर यांनी रँडॉल्फ एल्सवर्थ यांच्यासोबत पुढे अमेरिकेतल्या पहिली ते सहावीच्या 18,185 मुलांची पाहणी केली. ती 1995 साली प्रसिद्ध झाली. पहिलीत मुलं वाचनाकडे आनंदाने बघत होती आणि वरच्या इयत्तांकडे जाताना तो आनंद उतरत गेला होता. मुलींची ओढ प्रत्येक इयत्तेत मुलग्यांपेक्षा जास्त होती, हे तुमच्या शनिवारशी जुळतं. फुरसतीतल्या वाचनाची ओढ सगळ्यात वेगाने उतरली होती ती वाचनात मागे असलेल्या मुलांची. शाळेतल्या वाचनाचं मात्र तसं नव्हतं. हुशार काय आणि मागे पडलेलं काय, सगळ्यांचंच मन त्यातून सारखं उतरत गेलं होतं. देश वेगळा, शाळा वेगळ्या. तरीही माझ्या वाचनालयात मी हेच होताना पाहिलं, म्हणून सांगते आहे.

मागे पडलेल्या मुलाच्या जागी क्षणभर बसून बघा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं ध्येय आहे. समजा एखादा मुलगा मिनिटाला वीस शब्दांवर आहे. जोडाक्षर आलं की तो थांबतो, ओठ हलवतो, मागे जातो. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असते. गोष्टीत काय मजा आहे हे त्याला कळायलाच वाव नाही. त्यात घरची भाषा वेगळी. घरी अहिराणीतलं ‘शे’ म्हणणाऱ्या मुलाला मराठीतलं ‘आहे’ ओळखीचं असलं तरी ते शाळेतलं असतं, अंगणातलं नसतं. अशा मुलाला ‘वाच, मजा येईल’ म्हणणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला ‘पळ, मोकळं वाटेल’ म्हणण्यासारखं आहे. त्याला आधी रोजचा, थोडा आणि एकांतातला सराव हवा. तोही त्याच्या पातळीच्या सोप्या मजकुराचा. आवड त्यानंतर येईल.

पण चौथीतल्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं की तो लाजेने मेला म्हणून समजा. यावर मला जे साधलं ते सांगते. तुमच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग आहेच. चौथीतल्या अडखळणाऱ्या चार-पाच मुलांना त्या वर्गाचे गोष्टदादा आणि गोष्टताई करा. आठवड्यातून एकदा त्यांनी लहानांना एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची. आता पहिलीचं पुस्तक हातात असण्याला मानाचं कारण मिळालं. वाचून दाखवायचं म्हणून ते पुस्तक घरी आठ वेळा वाचून होतं, एरवी एकदाही झालं नसतं. समोर बसलेली पोरं अडखळण्याकडे लक्षच देत नाहीत, त्यांचं लक्ष वाघाकडे असतं. माझ्याकडचा एक मुलगा चार महिने असं वाचत राहिला. पाचव्या महिन्यात त्याने लहानांसाठी म्हणून घेतलेलं पुस्तक स्वतःसाठी आणखी एक दिवस ठेवून घेतलं.

उभं करून रांगेने धडा वाचून घेण्याची पद्धत जमेल तेवढी कमी करा. करावीच लागली तर कोणाला कोणता परिच्छेद येणार हे आदल्या दिवशी सांगा. तेवढ्याने पोटातला गोळा निम्मा होतो.

चांदण्यांबद्दल. तुम्ही चूक केली असं मला वाटत नाही. वर्गात काहीतरी हालावं म्हणून तुम्ही धडपडलात. पण तक्त्याने पुस्तकं मोजली आणि मुलांनी अगदी बरोबर हिशेब केला, की मोजणी पुस्तकांची आहे तर बारीक पुस्तक फायद्याचं. यातून ती आळशी ठरत नाहीत. तक्ता नेमकं काय मागतो ते त्यांना आपल्या आधी कळलं, एवढंच.

1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाच्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगाचे पेन नुसते ठेवले, बक्षिसाचा विषय नाही. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा मात्र काही तोटा झाला नव्हता. यावरून बक्षीस वाईटच असं मी म्हणणार नाही. ज्याला मुळात आवड नाही त्याला पहिल्यांदा कपाटापर्यंत आणायला चांदणी उपयोगी पडू शकते. पण त्या पाच-सहा मुली आधीच आपणहून वाचत होत्या, आणि मला भीती वाटते ती त्यांची. तक्ता गाजावाजा न करता उतरवा. एखादं मूल पुस्तकात बुडालेलं दिसलं तर कबूल न केलेलं काहीतरी द्या. उद्या वर्गाला वाचून दाखवायची गोष्ट त्याने निवडायची, हे माझ्या अनुभवात सगळ्यात मोठं बक्षीस ठरलं.

मोबाइलबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे त्यावर थोडं थांबून विचार करू या. तुमच्या वर्गातल्या घरांत मोबाइल बहुधा एकच, तोही वडिलांसोबत दिवसभर शेतावर किंवा कामावर. मुलाच्या हातात येतो तो संध्याकाळी, थोडा वेळ. त्या वेळात पूर्वी मुलं गोष्टीची पुस्तकं वाचत होती का? घरात होतं तरी काय? एखादी पोथी, भिंतीवरचं कॅलेंडर आणि शाळेची पाठ्यपुस्तकं. मोबाइलने पुस्तकाची जागा घेतली असं आपण सर्रास म्हणतो, पण बऱ्याच घरांत पुस्तक येण्याआधीच मोबाइल आला. त्यामुळे तुमच्या मुलांनी काही सोडून दिलेलं नाही. त्यांना ते अजून भेटायचं आहे. दुसरं, जे मूल हवा तो व्हिडिओ शोधतं ते त्यासाठी नावं वाचतंच. अशांना ‘तू वाचतोस की!’ असं एकदा म्हणून बघा.

तोच मोबाइल तुमच्याही कामाचा आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोफत आहेत आणि छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. दोनशे पुस्तकांत साप आणि ट्रॅक्टर नसतील तर ते तिथे शोधा.

आता तुमचा मूळ प्रश्न. वरिष्ठांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: मुलांनी लिहितं व्हावं आणि शाळेत काही घडतं आहे याचा पुरावा दिसावा. दोन्ही रास्त आहेत. लेखन धड्यावर करून घ्या, सहलीवर, आठवडी बाजारावर, घरच्या बैलजोडीवर करून घ्या. गोष्टीच्या पुस्तकाच्या मागे मात्र ते लावू नका. मी स्वतः एकदा वाचनालयात ‘पुस्तक वाचा, पानभर लिहा’ असा नियम केला होता. दीड महिन्यात येणारी मुलं निम्मी झाली, आणि गेली ती वाचणारीच होती. तो नियम काढल्यावरही त्यातली काही परत आली नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुराव्यासाठी देवघेवीची वही ठेवा आणि ती मुलांना चालवू द्या. पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक खूण: पूर्ण वाचलं, मध्येच सोडलं, पुन्हा हवं. ‘मध्येच सोडलं’ हा रकाना आवर्जून ठेवा. पुस्तक आवडलं नाही म्हणून खाली ठेवायची मुभा आहे हे कळलं, की मूल जाडं पुस्तक उचलायला घाबरत नाही. तपासणीला कोणी आलं तर सारांशाच्या 31 एकसारख्या वह्यांपेक्षा मुलांनी चालवलेली ही वही जास्त बोलेल, आणि हे तुम्ही वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. मला वाटतं, समजावून सांगितलं तर ते ऐकतील. त्यांनाही एक तयार उत्तर हवंच असतं.

सक्ती करायचीच तर वेळेची करा, पुस्तकाची नको. रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी वाचायचं. काय वाचायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. दोघांनी मिळून वाचलं तरी चालेल, नुसती चित्रं बघितली तरी चालेल, बोलायचं तेवढं हळू. ‘मला वाचनाची लहानपणापासून आवड’ असं तुम्ही लिहिलं आहे. ती मुलांना कधी दिसते का? त्या पंधरा मिनिटांत पोषण आहाराची वही आणि ऑनलाइन माहिती बाजूला ठेवून तुम्ही तुमचं पुस्तक उघडून बसा. जोडवर्गात हे रोज जमणार नाही, याची मला कल्पना आहे. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी पुष्कळ.

आणि शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा. चौथीच्या मुलांनासुद्धा. वाचता यायला लागलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो. मूल जे स्वतः वाचू शकतं त्यापेक्षा बरंच मोठं त्याला ऐकून कळतं. लांबलचक गोष्ट घ्या, रोज थोडी, आणि ऐन रंगात आली की थांबा. गोष्टीवर मुलांना अहिराणीत बोलू द्या. पुस्तक मधल्या सुट्टीत तुमच्या टेबलावर उघडंच राहू द्या. पुढे काय होतं ते बघायला कोण येतं ते शनिवारच्या वहीत टिपा.

कपाटाचं कुलूप. पुस्तकं हरवतील, फाटतील आणि साठा नोंदवहीचा हिशेब तुमच्या गळ्यात येईल, ही भीती खरी आहे. त्यामुळे अनेक शाळांतली पुस्तकं वीस वर्षं कोरी राहतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय ठेवा. मुलं वापरणार म्हणून काही पुस्तकं फाटतील, त्यांची नोंद करू आणि रीतसर निर्लेखन करू, म्हणजे साठ्यातून ती वजा करू, असं इतिवृत्तात लिहून घ्या. मग वर्गात सुतळी बांधून चाळीसेक पुस्तकं दोरीवर लटकवा, मुखपृष्ठ समोर राहील अशी. कपाटात फक्त कणा दिसतो आणि बारीक पुस्तकाला कणाही नसतो. दर पंधरा दिवसांनी दोरीवरची पुस्तकं बदला. कोणती बदलायची ते मुलांनी ठरवू दे.

असंच कोडं पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या आईवडिलांच्या पत्रांतूनही येतं, फक्त उलट टोकाने: घर पुस्तकांनी भरलेलं आहे, मूल इंग्रजी वाचतं आणि मराठी पुस्तक दिलं की पळतं. त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आधी बघा, त्याला मराठी आवडत नाही, की मराठी वाचताना आपण लहान बाळासारखे अडखळतो याची लाज वाटते? बहुतेकदा दुसरंच असतं. मग रोज रात्री तुम्ही वाचा, त्याने ऐकायचं. पाटीवरचं नाव, आजीचा मेसेज, मिसळीच्या दुकानातला फलक एवढंच त्याच्याकडून वाचून घ्या. आणि पाहुण्यांसमोर ‘जरा मराठी वाचून दाखव’ हे कधीही करू नका.

ताई, प्रश्नावली वाटण्याआधी एक गोष्ट करा. सोमवारी परिपाठात सगळ्यांसमोर सांगा, की यापुढे गोष्टीच्या पुस्तकावर काहीही लिहायचं नाही. त्या मुलाचं नाव घेऊ नका. तो ओळखेल आणि दोन दिवसांत बाकीच्यांनाही कळेल. मॅडमना खरं सांगितलं तर मॅडम ऐकतात आणि काहीतरी बदलतं, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की मगच त्या माकडांच्या चित्रांवर खरी उत्तरं येतील. आणि तो मुलगा पुस्तक परत द्यायला आला की ‘काय कळलं?’ असं विचारू नका. पुढचं पुस्तक दोरीवर कुठे लटकतंय, तेवढं दाखवा.